चौदा नंबरचे घोडे

पुन्हा एकदा पंच व्हायला अण्णाप्पा पट्टणशेट्टींनी होकार दिला तेव्हा त्यांना त्यातून मिळणार काय होतं, ते आधी बघून घेऊ. बुद्धिबळाच्या कोड्यांच्या त्रैमासिकात शेवटच्या पानावर एक ओळ: ‘परीक्षण: श्री. अण्णाप्पा पट्टणशेट्टी, मंगळवार पेठ, कोल्हापूर.’ अंकाच्या तीन प्रती, त्यातली एक प्रत त्यांच्या पत्नी शिवम्मा डाळीच्या डब्याखाली घालणार. तेवीस कोडी तपासताना डोळ्यांची होणारी आग. आणि बावीस जणांची नाराजी, कारण पहिला नंबर एकालाच देता येतो. एवढ्यावर कुणी शहाणा माणूस दीड महिना पटावर मान मोडून बसत नाही. अण्णाप्पा बसले, कारण त्यांना आणखी एक गोष्ट साधायची होती आणि ती कुठल्याच पानावर छापून येणार नव्हती. शिरोळच्या केरबा मानेचं सात वेळा कापलेलं ते एका दमात परत करणार होते.

हा आपला नेहमीचा बुद्धिबळाचा डाव नव्हे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात वीस-पंचवीस माणसं अशी होती की त्यांना दुसऱ्याला हरवण्यात गोडीच उरली नव्हती. ती कोडी रचायची. त्यातही त्यांचा जीव रिफ्लेक्समेटवर. यात पांढरा आधी खेळतो आणि स्वतःवरच मात ओढवून घ्यायला बघतो. काळ्याला मात करायची नसते. पण नियम असा, की एका खेळीत मात करता येत असेल तर ती करावीच लागते, मनात असो वा नसो. आणि नियम दोघांनाही सारखा. म्हणजे पांढऱ्यानं काळ्याला असं कोंडीत धरायचं की मात केल्यावाचून त्याला गत्यंतर राहू नये, आणि त्याच वेळी स्वतःचाही हात जपायचा. चुकून आपल्यालाच मात करायची संधी आली, तर ती घ्यावी लागते आणि कोडं तिथंच फुटतं. त्यावर पुन्हा मॉडेल मेटचा सोस. हरलेल्या राजाभोवतीचं प्रत्येक घर एकाच कारणानं बंद पाहिजे, दोनदा बंद झालेलं चालत नाही. आणि मात करणाऱ्याची एकही मोठी सोंगटी नुसती बघत उभी राहता कामा नये. शिवम्मा या सगळ्याला ‘हरायचा अभ्यास’ म्हणायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या.

अण्णाप्पांचा जन्म शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर गेलेला. ढेपेवर नख मारून, तुकडा जिभेवर ठेवून ते प्रत सांगायचे, आणि सौद्याला आलेला व्यापारी त्यांच्या तोंडाकडे बघून बोली लावायचा. केरबा शिरोळच्या दूध संस्थेचा सचिव. रोज पहाटे शे-सव्वाशे जणांच्या दुधाची फॅट लावणारा. दोघेही मापाची माणसं. म्हणूनच जमलं असावं. दर शनिवारी दुपारच्या एस्टीनं केरबा यायचा, जयसिंगपूरला उतरून भडंगाचा पुडा घ्यायचा, मंगळवार पेठेत जेवायचा आणि संध्याकाळपर्यंत दोघं पटावर. असं एकोणतीस वर्षं.

बिघडलं ते ब्याण्णव साली. तेव्हाही पंच अण्णाप्पाच. त्यांनी केरबाला पहिला नंबर दिला आणि पुढच्या अंकात बेळगावच्या एका वाचकाचं पत्र छापून आलं: ‘पंच आणि बक्षीसपात्र रचनाकार शनिवारी एकाच ताटात जेवतात असे समजते. चालू द्यावे.’ दोनच वाक्यं. पण जन्मभर प्रत सांगणाऱ्या माणसाला ‘तुझी जीभ विकलीय’ म्हटल्यासारखं झालं. तेव्हापासून अण्णाप्पांनी एक उपाय काढला. स्पर्धेची कोडी पंचाकडे नावाशिवाय येत. त्रैमासिकाचे संपादक बाळासो चौगुले सगळी कोडी एकसारख्या कागदावर रबरी शिक्क्यांनी उमटवून नुसता नंबर घालून देत. पण केरबाचं कोडं ओळखायला नाव कशाला लागतं? कोपऱ्यात दबलेला पांढरा राजा आणि त्याच्यावर चालून येणारे दोन काळे घोडे दिसले, की समजावं शिरोळची एस्टी आली. तसे घोडे दिसले की अण्णाप्पा गुण मांडायचे आणि शेवटी त्यातला अर्धा गुण कापायचे. प्रामाणिकपणाला जरा जास्तीचं वजन ठेवलेलं बरं, असा हिशेब. केरबा दुसरा आला, तिसरा आला, एकदा नुसता उल्लेखनीय. मधल्या एका साली स्पर्धा झालीच नाही. सात स्पर्धा, सात अर्धे. केरबा अवाक्षरानं बोलला नाही. भडंगाचा पुडाही चुकला नाही. त्यामुळे तर जास्तच टोचायचं.

दोन हजार एक साली अण्णाप्पा सहासष्ट वर्षांचे होते, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. बाळासोंना त्यांनी सांगून टाकलं, ‘हे शेवटचं. पुढच्या साली दुसरा माणूस बघा.’

बाळासोंचा छापखाना लग्नपत्रिकांचा. ते म्हणाले, ‘अण्णा, असं दर साली म्हणतासा की.’

‘ह्या साली डोळाच म्हणतोय.’

तेवीस कागद आले. अण्णाप्पा रोज जेवण झाल्यावर खिडकीशी पट मांडून बसायचे. सहा नंबरला पोचले आणि तीन दिवस तिथंच अडकले. हत्ती आणि उंट, बाकी प्यादी, दिसायला रुक्ष. पण तीन वेगवेगळ्या वाटांनी तीन मॉडेल मेट, आणि प्रत्येक वेळी पांढरा स्वतःच्या मात करण्यापासून केसाइतक्या अंतरानं वाचायचा. त्यांनी वहीत साडेआठ लिहिले आणि हे कुणाचं असावं म्हणून डोकं खाजवलं. पुण्याकडचं असेल, म्हणून सोडून दिलं.

मग चौदा नंबर आला. कोपऱ्यात पांढरा राजा. दोन काळे घोडे.

अण्णाप्पा हसले. कोडं झकास होतं, पण सहा नंबरच्या खालचं. आठ गुण. सवयीनं पेन्सिल अर्ध्याकडे वळली आणि थांबली. आता पुढची संधी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सात अर्धे म्हणजे साडेतीन. तेवढे तर देता येत नव्हते, आठात साडेतीन घातले तर दहाच्या बाहेर जातात. त्यांनी एक दिला. नऊ. चौदा नंबर पहिला, सहा नंबर दुसरा.

तपासलं का? तपासलं. पण एक वाट शेवटपर्यंत खेळून बघितली नाही. काळा उंट हलल्यावर काय होतं, ते दोन खेळ्या बघून त्यांनी बरोबरची खूण केली. केरबा कोडं पाठवण्याआधी महिनाभर उलटंपालटं करतो, त्याच्या दुधाला पुन्हा फॅट कशाला लावायची? आणि डोळा चुरचुरत होता.

निकालाचा अंक बाळासोंनी स्वतः आणून दिला. कोड्यांमागची नावं पंचालाही तेव्हाच कळायची. अण्णाप्पांनी चष्मा पुसला आणि वाचलं. प्रथम: क्रमांक चौदा, कु. सुष्मिता कोष्टी, कागल. द्वितीय: क्रमांक सहा, श्री. केरबा माने, शिरोळ.

‘पोरगी टायपिंगचा क्लास चालवतीया कागलात,’ बाळासो सांगत होते. ‘पहिल्यांदाच पाठवलं आणि पहिली. मानलं अण्णा, तुमच्या डोळ्याला!’

अण्णाप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्या मोतीबिंदूला अजून कुणी मानलं नव्हतं.

चार दिवसांत कागलहून पत्र आलं, टाइप केलेलं, एकही चूक नाही. ‘माने सरांची जुनी कोडी अंकांतून उतरवून घेऊन मी घोड्यांचे काम शिकले. आपण पहिला क्रमांक दिलात, वडिलांनी पेढे वाटले.’ अण्णाप्पांनी पत्र दोनदा वाचलं आणि वहीत ठेवलं.

शनिवारी केरबा आला.

‘वैनी, भडंग तिखाट हाय ह्या खेपंला. अण्णाला देऊ नगा.’

‘नको म्हटलं की ऐकणारी जात व्हय ही, भावजी?’ शिवम्मांनी पुडा घेतला.

जेवताना अण्णाप्पांनी विषय काढला. ‘अंक बघितलास?’

‘बघितला की.’

‘चौदा नंबर सोडवलास?’

‘सोडवला.’

‘कसा हाय?’

केरबानं भाकरीचा तुकडा मोडला. ‘घोडं चांगली नाचवल्यात पोरीनं. वैनी, चटणी वाढा जरा. डोळ्याचं काय म्हणतोय डाक्टर?’

मग डोळ्याचं बोलणं झालं, उसाचं झालं, आणि केरबा चारच्या गाडीनं निघाला. पट कोनाड्यातून खाली आलाच नाही.

‘आज पट न उघडता गेले,’ शिवम्मा ताटं गोळा करत म्हणाल्या. ‘भांडलात काय?’

‘न्हाई.’

‘मग भांडून घ्यायचं होतं. एवढं गप जेवण मी मयताच्या घरी वाढलंय.’

अण्णाप्पा खिडकीशी बसले. केरबाला एखादं निर्दोष कोडं मिळालं की तो तासभर बोलायचा. बोलून बोलून घसा बसायचा. आणि आज नऊ गुणांच्या कोड्याला चार शब्द. त्यांनी पट काढला, चौदा नंबर मांडला आणि जी वाट सोडली होती तीच धरली. काळा उंट हलला. पांढऱ्याची पुढची खेळी. आणि समोर, लख्ख उजेडात, पांढऱ्या हत्तीला सरळ मात दिसत होती. करता येते म्हणजे करावीच लागते. कोडं फुटलेलं होतं. या प्रकारात नवशिक्यानंही सगळ्यात आधी तपासायची ती गोष्ट, आणि पंचाच्या वहीत तिच्यापुढे बरोबरची खूण.

आता हिशेब असा पडला. निकालावर आक्षेप घ्यायला पंचवीस दिवसांची मुदत असते. त्यातले सतरा दिवस उरलेले. कुणी आक्षेप घेतला तर चौदा नंबर बाद होऊन केरबा पहिला. कुणी घेतला नाही, तर केरबा दुसराच, आणि या खेपेला अर्धा गुण कापून नाही, सरळ खाली ढकलून. पंचानं आपणहून निकाल फिरवला तर? कागलच्या अनोळखी पोरीला उडवून पंच आपल्या शनिवारच्या पाहुण्याला वर बसवतो, असं दिसणार. बेळगावच्या वाचकाला दोन वाक्यंही लिहावी लागणार नाहीत. तेव्हा आक्षेप केरबानंच घेतलेला बरा, असं अण्णाप्पांनी ठरवलं. दुसऱ्यानं हलावं म्हणून वाट बघण्यात या मंडळींचा हातखंडा होताच.

आठ दिवस वाट बघितली. बाळासोंकडे आक्षेप आला नाही, आणि पुढच्या शनिवारी केरबाही आला नाही. सोमवारी पहाटेची एस्टी धरून अण्णाप्पा शिरोळला गेले.

दूध संस्थेत रांग लागलेली. केरबा मशीनपाशी बसून आकडे सांगत होता. एका म्हातारीचं आणि त्याचं जुंपलेलं.

‘चार पॉइंट पाच? काल सा हुती की रं!’

‘आक्का, काल तू पाणी इसरली हुतीस घालायला.’

रांग हसली. म्हातारी बडबडत गेली. केरबाला अण्णाप्पा दिसले, पण रांग संपेपर्यंत तो उठला नाही. मग हात पुसत बाहेर आला. दोघं संस्थेच्या कट्ट्यावर बसले.

‘तू आक्षेप लिही,’ अण्णाप्पा म्हणाले.

‘कशाचा?’

‘केरबा, मला तरी नको शिकवूस. हत्तीची मात तुला दिसलीय.’

‘दिसली की. अंक आला त्याच दिवशी.’

‘मग लिही. तुझा हक्क हाय.’

‘न्हाय लिवणार.’ केरबा रस्त्याकडं बघत होता. ‘दिसलं की करायलाच पायजे, ह्यो कायदा पटावर. कट्ट्यावर न्हाय. पोरीच्या बापानं पेढं वाटल्यात. आणि आक्षेप छापून आला की मान कुणाची जाणार? तुझी. सत्तरीला आलेल्या माणसाला मी काय तोंडावर पाडू व्हय?’

‘सहासष्ट.’

‘तेच ते.’

एक ट्रॅक्टर मोकळी ट्रॉली खडखडवत गेला.

‘तुला एक इचारायचं हुतं अण्णा, पण आता इचारण्यात काय राम न्हाय,’ केरबा म्हणाला. ‘ब्याण्णवपास्नं तू माझं कापतोस, मला म्हाईत हाय. घोडं दिसलं की कापतोस. मी मनात म्हणायचो, कापू दे, त्यालाबी गावात ऱ्हायाचं हाय. पर एकदा कळावं वाटायचं, न कापता आपण कितवं. म्हणून ह्या साली घोडीच काढून टाकली. हत्ती-उंटावर चार म्हयने घातलं. म्हटलं, अण्णा ओळखणार न्हाय, आणि जे देईल ते खरं माप.’ त्यानं हात झटकले. ‘दुसरा दिलास. आणि पयला कुणाला, तर माजीच घोडी उतरवून शिकलेल्या पोरीच्या फुटक्या कोड्याला. म्हंजी मी त्याच्याबी खाली. बरं झालं कळलं. आता जिवाला घोर न्हाय.’

अण्णाप्पांना हे अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. ते तक्रारीचा कागद लिहून घ्यायला आले होते. गप्प बसता आलं असतं. केरबानं स्वतःच हिशेब मिटवला होता. पण तो हिशेब खोटा होता, आणि खोट्या प्रतीची ढेप पुढ्यात ठेवून गप्प बसायची सवय त्यांना नव्हती.

‘सहा नंबरला साडेआठ होते,’ ते म्हणाले. ‘चौदाला आठ. मी चौदाला नऊ केले.’

‘का?’

‘मला वाटलं, ते तुझं हाय.’

केरबानं मान वळवून बघितलं.

‘सात वेळा कापलेलं एकदा भरून देऊ म्हटलं. आणि तुझं हाय म्हणून शेवटपर्यंत तपासलंबी न्हाई.’

केरबाला ते समजायला वेळ लागला. मग तो हसायला लागला, पण हसण्यात जोर नव्हता. ‘म्हंजी मला वर काढायसाठी मलाच खाली ढकललंस व्हय?’

‘व्हय.’

‘हितं मी म्हशीचं नाव बघून फॅट लावत न्हाय अण्णा. मशीनमधी जेवढी येती तेवढी सांगतो. म्हस तुझी असू दे न्हायतर माझी.’ हसणं सरलं होतं. ‘ब्याण्णवालाच तेवढं केलं असतंस तर.’

‘चुकलं.’

‘व्हय. चुकलंच.’ आणि मग, उठता उठता, ‘साडेआठ म्हणालास न्हवं?’

‘साडेआठ.’

‘दीड कशाचं कापलंस?’

‘तिसऱ्या वाटेला तुझं एक प्यादं नुसतं शोभेला हाय. त्याचे गेले.’

‘ते मलाबी खटकलं हुतं,’ केरबा म्हणाला, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

त्याच दुपारी अण्णाप्पांनी बाळासोंच्या छापखान्यात बसूनच पत्र लिहिलं. चौदा नंबरमध्ये काळा उंट हलताच पांढऱ्याला मात करणं भाग पडतं, म्हणून रचना बाद. पंचाच्या नजरेतून सुटलं. सहा नंबर प्रथम. गुण कसे वाढवले तेही लिहिलं, झाकलं नाही.

बाळासो वाचून खाली बसले. ‘अण्णा, हे शेवटचं गाळू या की. नुसतं नजरचुकीनं म्हणा.’

‘छापा.’

‘लोक काय म्हणतील?’

‘जे दहा वर्षं म्हणत हुते तेच. आता निदान खरं तरी म्हणतील.’

‘पण त्या पोरीचं वंगाळ झालं बघा.’ बाळासो कागदाची घडी घालत होते. ‘निकालाआधी तुम्ही चूक काढली असती, तर मी तिला पंधरा दिवस देतो दुरुस्तीला. सगळ्यांना देतो. आता छापलं, आता कसली दुरुस्ती.’

हे अण्णाप्पांच्या ध्यानातच आलं नव्हतं. केरबाचं परत करता करता त्यांनी तिचे पंधरा दिवस खर्चून टाकले होते.

पुढचे तीन शनिवार दोघांनी चौदा नंबरवर घातले. हत्तीची वाट अडवायला प्यादं ठेवलं, तर दोष जायचा, पण राजाजवळचं एक घर दोनदा बंद व्हायचं आणि मॉडेल मेट उरायचा नाही. तिसऱ्या शनिवारी केरबानं नुसता हत्तीच एक घर डावीकडे सरकवला. हत्तीची वाट आपोआप बंद झाली, घोडे तसेच, मात निर्दोष. अण्णाप्पांनी या वेळी प्रत्येक वाट शेवटपर्यंत खेळून बघितली, मोतीबिंदूसकट. आठ गुणांचं कोडं होतं. तिनं स्वतः दोन दिवसांत काढलं असतं.

ते कागलला पाठवलं, तुमचंच आहे, तुमच्याच नावानं छापू, असं लिहून. उत्तर आलं ते तिला मिळालेल्या पहिल्या नंबरच्या प्रमाणपत्रासोबत, रजिस्टर पोस्टानं. आत ‘परत पाठवत आहे’ एवढंच टाइप केलेलं.

तर कुणी किती भरलं? केरबाला पहिला नंबर मिळाला, आणि त्याहून मोलाचं म्हणजे आपलं माप कळलं. अण्णाप्पांचं पंचपद गेलं, पण ते सोडणारच होते, तेव्हा ते भरण्यात धरता येत नाही. चारचौघांत मान गेली, त्या बदल्यात झोप परत मिळाली. बाळासोंना एक पान जास्त छापावं लागलं. शनिवार पुन्हा सुरू झाले. सुष्मिता कोष्टीला बाळासोंनी पुढच्या साली स्पर्धेचं बोलावणं धाडलं, त्याच्या पुढच्या सालीही धाडलं. ती कोडी रचते का हे विचारायला एकदा बाळासो स्वतः कागलला जाऊन आले. तिनं त्यांना चहा दिला, मुलींचे टायपिंगचे कागद तपासत बसली, आणि म्हणाली, आता नाही.

सगळं भरलं ते तिनं.